टास्कबारवरचा चांद

संगणकाच्या पडद्याखालची पट्टी साफ करायला रेवतीला नेमकी अकरा मिनिटं लागली. तिनं मोजली होती. प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यापासून तिला सगळंच मोजायची सवय लागली होती. हिंगोली जिल्ह्यात, साखऱ्याच्या पुढच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात नोंदी भरायच्या कंत्राटावर ती आली, त्याला दोन महिने झाले होते. इथं मोजायला शेळ्या होत्या, मेंढरं होती. पण त्या पट्टीवरच्या चिन्हांइतकं झपाट्यानं वाढणारं काहीच नव्हतं. व्हायरसची लाल फुली होती. वर्षभरापूर्वी उचलून नेलेल्या प्रिंटरची 'शाई संपली' ही तक्रार होती. एक घंटा होती. आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटासा चंद्र होता. त्याला बाण नुसता लागला तरी बातम्यांचा पडदा भस्सकन उघडायचा. चंद्राचा आणि बातम्यांचा संबंध काय, हे मात्र तिनं तपासलं नव्हतं. तिच्याकडून न तपासता राहिलेली बहुधा ही एकच गोष्ट.

गेल्या सोमवारी ऑनलाइन बैठकीत जिल्ह्याच्या साहेबांना ती लसीकरणाचा तक्ता दाखवत होती. "आतापर्यंत किती?" असं साहेबांनी विचारलं आणि तक्त्यावर एका नटीच्या लग्नाचे फोटो उघडले. "छान," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून दवाखान्याचे पशुधन पर्यवेक्षक बंडोपंत तिच्याशी फक्त चहापुरतं बोलत होते.

आज अकराला पुन्हा बैठक होती आणि सकाळी मेंढ्यांच्या लसीकरणाचं शिबिर. शिबिराचा आकडा बैठकीत सांगायचा होता.

"पट्टी साफ झाली का?" बंडोपंतांनी आल्या आल्या विचारलं.

"एकदम कोरी, काका."

"वरून काही टपकणार नाही ना?"

"काहीच नाही."

पंत इतके खूश झाले की त्यांनी नऊ वाजताच लसीची पहिली कुपी फोडून भुकटी पाण्यात मिसळली. ओढ्यापलीकडच्या वाडीवरचे पुंजाजी तीनशे मेंढरं घेऊन नऊलाच येणार होते. शंभर मेंढरांची लस एका कुपीत. एकदा मिसळली की दोन तासांत टोचायची, नाहीतर ओतून द्यायची आणि ती का ओतली याचा खुलासा लिहायचा. रेवतीनं पाटीवर खडूनं लिहिलं : ९.०० ते ११.००.

सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. दवाखान्याच्या आवारात एक कोंबडी तेवढी आली.

"अगं, फोन तरी लाव त्याला!" बंडोपंत कुपी बर्फाच्या डब्यात धरून उभे होते, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे.

रेवतीनं फोन लावला. "पुंजाजीबाबा, कुठं आहात? निघालात का?"

"न्हाई निघालो, मॅडम."

"का?"

"आता काहून विचारता? तुमचा चांद कुठं गेला ते सांगा आधी."

रेवतीला वाटलं, दुसऱ्याच कुणाला फोन लागला. "कोणता चांद?"

"कॉम्पुटरवरचा. सकाळी दुधाबराबर मी बी आलतो. खिडकीतून पाह्यलं. जागा रिकामी! दोन साल झाले, चांद साफ असला की आमी ओढ्याच्या अलीकडं येतो. चांदावर ढग दिसला की मेंढरं वाड्यातच. आज तर चांदच न्हाई. म्हणजे किती मोठा पाऊस हाय, तुमीच सांगा!"

पुंजाजींची बायको यशोदाबाई रोज सकाळी दवाखान्याच्या चहासाठी दूध घालायच्या आणि घटकाभर खिडकीशी रेंगाळायच्या, हे रेवतीनं पाहिलं होतं. आपल्याला बघायला थांबतात, असा तिचा समज होता.

"बाबा, ते चिन्ह मी काढलं. पावसाचा काही संबंध नाही. या तुम्ही."

"बसवा मग पुन्हा. दोन सालामागं असंच कुणी म्हणालं 'या', आन ओढा भरला. रातभर मेंढरं शाळेत. हेडमास्तरची तुळस खाल्ली तर अजून बोलतो मला. चांद दिसल्याबिगर मी न्हाई निघत."

पाटीवरच्या हिशोबानं एक तास दहा मिनिटं उरली होती आणि वाडीवरून मेंढरं यायला दहा मिनिटं आणि शंभर टोचायला पाऊण तास लागायचा. रेवती खुर्चीवर आदळली. पट्टीवर उजवं बटण, सेटिंग, मग एक एक खटका चालू. लाल फुली आली. शाईची तक्रार आली. घंटा आली, आणि दोन महिन्यांत कधी न दिसलेलं आणखी एक चिन्ह आलं, हातातल्या बेडीसारखं. चंद्र काही येईना.

"पट्टी साफ केलीस म्हणालीस ना?" बंडोपंत मागून ओरडले. "ही तर सोमवारपेक्षा भरली!"

"काका, दोन मिनिटं."

"शंभर मेंढरांची लस आहे माझ्या हातात, दोन मिनिटं काय म्हणून राहिलीस!"

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून आवाज आला. दूध घालून गावात थांबलेल्या यशोदाबाई रिकामी किटली घेऊन उभ्या होत्या. "मॅडम, तिथं न्हाई. त्या टोकाला. भिंतीकडच्या."

रेवतीनं टोकाशी बाण नेला, एक खटका राहिला होता तो चालू केला. आणि चंद्र उगवला. लख्ख, बिनढगाचा.

"आला!" यशोदाबाईंनी पदरातला फोन काढला. "अवं, आला चांद! साफ हाय. काढा मेंढरं!"

बंडोपंतांनी डोळे मिटून हात जोडले, पण कुपी हातात असल्यामुळे एकच हात जोडला गेला. रेवतीनं सुस्कारा सोडला. आता कुतूहलाला वेळ मिळाला होता, म्हणून तिनं पहिल्यांदाच चंद्रावर टिचकी मारली.

वर गावाचं नाव होतं. बामाको, माली. वेळ पहाटे चार वाजून सव्वीस मिनिटं. आकाश निरभ्र.

तिनं ते दोनदा वाचलं. मग मनात नकाशा उघडला. पश्चिम आफ्रिका. आपल्या साडेपाच तास मागं. म्हणूनच सकाळी चंद्र! संगणक बसवणाऱ्यानं हवामानासाठी गाव निवडताना जे समोर आलं ते दाबलं असणार, आणि दोन वर्षं इथली मेंढरं आफ्रिकेतलं आभाळ बघून ओढा ओलांडत होती.

तिनं गाव बदललं. हिंगोली. चंद्र गेला आणि काळा ढग आला, त्यातून वीज पडत होती. दुपारी पावसाची शक्यता सत्तर टक्के.

"बंडोकाका," ती म्हणाली आणि थांबली. बाहेर लांबून घंटांचा आवाज यायला लागला होता.

खिडकीत आता कुणी नव्हतं. यशोदाबाई मेंढरांना सामोऱ्या गेल्या होत्या. रेवतीनं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. परत पाठवलं तर लस वाया. येऊ दिलं आणि ओढा भरला तर तीनशे मेंढरं अलीकडं, आणि तीही तिच्या चंद्रामुळं. शेवटी तिनं पुंजाजींना फोन लावला. त्यांनी तो उचलला नाही. ते दवाखान्याच्या फाटकातच उभे होते.

दहा वाजून नऊ मिनिटांनी पहिलं मेंढरू टोचलं गेलं. रेवती नोंदी घेत होती आणि प्रत्येक पाच मेंढरांनंतर वर बघत होती. बंडोपंत टोचत होते. अकराला तीन मिनिटं असताना पहिली कुपी संपली, तेव्हा त्यांनी ती रिकामी कुपी खिशात टाकली, प्रसादासारखी. अकराला साहेबांना आकडा दिला, एकशे तीन. पडद्यावर फक्त 'शाई संपली' एवढंच टपकलं. "छान," साहेब म्हणाले.

साडेबाराला शेवटचं मेंढरू झालं. पश्चिमेला ढग जमले होते. मेंढरं ओढ्यात उतरली तेव्हा रेवती काठापर्यंत मागोमाग गेली. शेवटचं कोकरू पलीकडं चढलं, पुंजाजींनी काठी वर करून दाखवली आणि तिचे पाय मोकळे झाले. पाऊस मात्र आलाच नाही. दीडला ऊन पडलं.

यशोदाबाई किटली घेऊन अजून अलीकडंच होत्या. रेवतीला राहवेना.

"मावशी, एक सांगायचं आहे. तो चांद इथला नव्हता. आफ्रिकेतल्या एका गावाचा होता. दोन वर्षं चुकीचाच होता."

यशोदाबाई इकडंतिकडं पाहून जवळ आल्या.

"मला काय ठाव न्हाई व्हय? सकाळी ऊन पडलेलं आन त्याच्यात चांद! आंधळी हाय का मी?"

"मग तुम्ही रोज..."

"मेंढरं कशी बसलीत ते बघते मी. मुंग्या बघते, डोंगराकडचं वारं बघते. माझ्या बापानं शिकवलं. चांदावर ढग नसला तरी, मला पाऊस वाटला की फोनवर सांगते, 'ढग हाय.'"

"मग सरळच सांगायचं ना, पाऊस येणार म्हणून."

"लई वर्षं सांगितलं. ऐकत न्हाई." त्यांनी पलीकडच्या काठाकडं हनुवटी केली. "बायकोचं काय ऐकायचं म्हणतो. कॉम्पुटरचं ऐकतो. आज सोताच आला बघायला, म्हणून अडकले मी."

संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या आधी रेवतीनं पट्टीवरची फुली काढली, शाई काढली, घंटा काढली. मग हिंगोलीचा ढग काढून पुन्हा बामाको बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत किटली टेकली. पडद्यावर स्वच्छ चंद्र होता. यशोदाबाईंनी त्याच्याकडं पाठ केली, डोंगराकडं एकदा पाहिलं आणि फोन कानाला लावला.

"अवं, आज ढग हाय त्याच्यावर. ऱ्हाऊ द्या मेंढरं वाड्यात. व्हय, कॉम्पुटरच सांगून राहिला. मी कशाला सांगू?"

दुपारी सव्वातीनला ओढा भरला. रेवतीनं वेळ लिहून ठेवली.