एका शिट्टीत हजर

माझी बायको गर्दीत कधी हरवत नाही. मी शिट्टी वाजवतो, एक लांब, दोन आखूड, हात उंच करतो, आणि बाई हजर! लग्नापासून चालत आलेली ही पद्धत मी कुणालाही फुकट शिकवायला तयार होतो.

त्या दिवशी आम्ही दुर्मिळ झाडांचं वन बघायला गेलो होतो. तिला प्रत्येक खोडावरची पाटी वाचायची असते, मला गरुडाचे खेळ बघायचे होते. त्यामुळे ती मागे राहिली. इकडे खेळ सुरू झाला. मोकळ्या जागेत एक माणूस चामड्याचा जाड हातमोजा घालून उभा होता आणि समोरच्या देवदारावर गरुड बसला होता. तिचा खेळ चुकला तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, म्हणून मी शिट्टी वाजवून हात वर केला.

बायको आली नाही. गरुड आला!

तो थेट माझ्या मनगटावर उतरला. नख्या बाहीतून आत रुतल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंनी पहिल्या भेटीत मला न्याहाळलं होतं, तसा तो माझं नाक न्याहाळू लागला.

"साहेब, हलू नका," गरुडवाला लांबूनच हळू आवाजात म्हणाला. "शिट्टी तुम्ही वाजवलीत?"

मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"आमची खुणेची शिट्टी तीच आहे. बोलावलंय म्हटल्यावर त्याला मांस लागणार."

धावलं तर पक्षी बिथरतो म्हणून तो एकेक पाऊल टाकत येत होता. चोच नाकाशी आली. आता नाक गेलंच, असं म्हणून मी डोळे मिटले, तेवढ्यात गरुडवाल्याने मांसाचा तुकडा दाखवला आणि हात हलका झाला. मी मटकन खाली बसलो.

शेजारच्या झाडामागून बायको बाहेर आली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"शिट्टी ऐकली नाहीस?" मी विचारलं.

"ऐकली की. इथेच होते."

"मग?"

"इतकी वर्षं मीच येतेय. म्हटलं, आज दुसरं कुणी येतंय का बघू." तिने माझी फाटलेली बाही हलकेच वर केली, ओरखडे पाहिले. "आणि त्याला निदान तुकडा तरी मिळाला."

बाहेर पडताना ती पुन्हा एका पाटीपाशी रेंगाळली. मी मुकाट्याने मागे गेलो आणि तिचं वाचून होईपर्यंत शेजारी उभा राहिलो.