इस्त्रीवाल्या मावशींनी फुटबॉलसंघ माघारा आणिला त्या मोहिमेची हकीकत

समस्त मैदानप्रेमी, शिट्टीबहाद्दर आणि घरबसल्या खेळाडूंस अक्कल शिकविणारे थोर जाणकार यांसी विदित व्हावे जे, आमच्या शहरीचा फुटबॉलसंघ परमुलखी गेला कैसा, तेथे त्याची दुर्दशा जाहली कैसी, आणि इस्त्रीवाल्या मावशींनी तो माघारा आणिला कैसा, याविषयी लोकांत नाना तऱ्हेच्या थापा चालतात. कोणी म्हणतो मावशींनी मालकांस छत्रीने बडविले, कोणी म्हणतो मालक ढसढसा रडले. या दोन्ही गोष्टी साफ खोट्या. छत्री उगारली होती इतकेच. सबब खरे वर्तमान जैसे घडले तैसे, मीठमसाला न लाविता, लिहोन ठेविले पाहिजे, म्हणोन हा उद्योग आरंभिला.

तरी प्रथम मावशी कोण ते ऐकावे. मैदानाच्या भिंतीस लागोन त्यांचे इस्त्रीचे दुकान, आणि दुकानात मावशींचा अंमल ऐसा कडक की सुरकुती म्हणोन त्या आलमात राहो पावत नसे. सामन्याचे दिवशी दुकानास कुलूप पडे, आणि मग मावशी लाकडी तिवई काखोटीस मारोन खासा निघत आणि गोलाच्या जाळीमागे, गोलरक्षकाच्या पाठीस, ठाण मांडोन बसत. गोलरक्षक बहुत उंच, म्हणोन त्यास सारे 'शिडी' म्हणत. एकदा शिट्टी वाजली की मावशींची तोफ सुरू होई ती खेळ संपेतो बंद होत नसे. "झोपलास का रे? अरे डावीकडे! डावीकडे, मेल्या! जेवून आलायस की नाही?" मध्यंतरी संघ बाजू बदलीत, तेव्हां मावशीही तिवई उचलोन अवघ्या मैदानास वळसा घालोन दुसऱ्या गोलामागे कूच करीत, आणि वाटेत बसलेले लोक आपण होऊन पाय आवरते घेत. ऐसा बहुता वर्षांचा शिरस्ता होता.

आता यात एक राजगुपित होते. मावशींचे सांगणे नेमके चुके. त्यांनी डावीकडे म्हणावे तो चेंडू उजवीकडे यावा, उजवीकडे म्हणावे तो डावीकडे यावा, आणि यात कधी चुकूनसुद्धा खंड पडला नाही. शिडी नवा होता तेव्हां त्याने मावशींचे इमानेइतबारे ऐकिले आणि पोतेभर गोल खाल्ले. मग त्याने मनी खूणगाठ बांधिली की मावशी जिकडे धाडतील त्याच्या उलट उडी घ्यावी, आणि तेव्हांपासोन त्याचा गोल म्हणजे अजिंक्य किल्ला जाहला. हे गुपित प्रशिक्षकास ठाऊक, न्हाव्यास ठाऊक, मावशींचे यजमान घड्याळदुरुस्तीवाले काका यांस ठाऊक. किंबहुना साऱ्या शहरास ठाऊक, एक मावशींस मात्र नाही. सांगणार कोण? मावशींस वाटे की हे पोर आपणच घडविले. त्याचे फाटके हातमोजे त्या स्वहस्ते शिवीत, आणि तो जिंकोन आला की पाठीवर धपाटा घालीत, आणि डोळे पुसावयास तोंड फिरवीत.

ऐसे सुखाचे दिवस चालिले असता संघाचे मालक, जे बिस्किटांचे कारखानदार, यांच्या मनी दुर्बुद्धी उपजली. दूरच्या एका थोरल्या शहरी छप्पर घातलेले, मऊ खुर्च्यांचे नवे मैदान उभे राहिले होते, त्याची भूल पडोन मालकांनी फर्मान सोडिले की संघ आजपासोन तिकडचा. मग एके सकाळी मालट्रक आले आणि त्यांनी जाळ्या नेल्या, गोलाचे खांब नेले, गवत दाबावयाचा रूळ नेला, भिंतीवरचे घड्याळसुद्धा नेले. हे वर्तमान फुटताच शहरात एकच हलकल्लोळ उडाला. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तैशीच सोडोन धावला, आणि ते गिऱ्हाईक अर्ध्या गालास फेस घेऊन त्याच्या मागे धावले, आणि मग त्या दोघांच्या मागे सारी गल्ली लोटली. लोक ट्रकापुढे आडवे पडले. ट्रकचालक स्वतः आमच्याच संघाचा भक्त. तो खाली उतरोन सर्वांच्या गळ्यात पडोन रडला, आणि मग नोकरी नोकरीच असते म्हणोन त्याने एकेकास हाताने उठवोन बाजूस बसविले, आणि ट्रक घेऊन गेला.

मावशी दस्तुरखुद्द मालकांचे कचेरीत दाखल जाहल्या. विचारिले की संघ नेला, रूळ नेला, आणि आम्ही काय करायचं? मालकांनी हुकूम केला की प्रेक्षकांनी टीव्हीवर पाहावे. छत्री उगारली ती याच समयी. शिपायाने ती हळूच धरिली आणि मावशींस चहा पाजोन रवाना केले.

त्या दिवसापासोन मावशींच्या स्वभावात भयंकर फरक पडिला. त्या गोड बोलू लागल्या. घरी काकांस म्हणाल्या, "अहो, आपण चहा घेणार का?" हे ऐकताच काकांच्या हातचे स्क्रू जमिनीवर सांडले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांस कोणी 'घेणार का' म्हणोन पुसले नव्हते. कप आदळत असे आणि तो प्यावा लागत असे. दुकानी गिऱ्हाइके शर्टाचा बोळा करोन आणीत, तरी मावशी हसोन "ठेवा हं" म्हणत. लोक घाबरोन कपडे घडी घालोन आणू लागले. काका न्हाव्यापाशी येऊन म्हणाले, "अरे, ती ओरडतच नाहीये रे. घर खायला उठतंय." आणि खरे पाहता मावशींचे अंतःकरण तुटले होते. त्यांस आपला संघ आपल्या मैदानावर परत पाहिजे होता, दुसरे काही नको होते.

इकडे नव्या शहरी काय जाहले म्हणाल, तर तेथील प्रेक्षक महासभ्य. मऊ खुर्चीत बसोन मक्याच्या लाह्या खावयाच्या आणि टाळ्या वाजवावयाच्या. आपला गोल जाहला तरी टाळ्या, गनिमाचा जाहला तरी टाळ्या, आणि दिवे लागले तरी टाळ्या. त्या शांततेत शिडीची मती गुंग जाहली. चेंडू यावा आणि शिडीने मान वळवोन मागे पाहावे, मागे जाहिरातीचा फळा, त्यावर हसरे बिस्कीट. तो चेंडू जाळीत. पराभवावर पराभव होऊन संघ तळास गेला, आणि वरल्या गटातून हकालपट्टीची वेळ येऊन ठेपली. मालकांनी शिडीस बोलावोन कारण पुसले. त्याने खाली मान घालोन सर्व गुपित सांगितले. तेव्हां मालकांनी तजवीज करोन एक निवेदिका पगारी नेमिली आणि गोलामागे भोंग्यावर बसविली. ती मंजुळ स्वरे म्हणे, "कृपया डावीकडे लक्ष द्यावे." परंतु त्या बाईस खेळ थोडका कळत असे, त्यामुळे तिचे सांगणे कधी बरोबर येई, कधी चूक, आणि शिडी मध्येच गिरकी घेऊन आपल्याच पायात अडकोन पडू लागला.

निरुपाय होऊन मालक स्वतः इस्त्रीच्या दुकानी आले आणि मावशींपुढे हात जोडोन उभे राहिले. म्हणाले की शेवटचा सामना उरला आहे, तो जिंकिला तरच संघ गटात टिकतो. गालिचा घालतो, मखमली खुर्ची देतो, फक्त येऊन ओरडावे. गुपिताचा उच्चार त्यांनी केला नाही, कारण दारात काका तोंडावर बोट ठेवोन उभे होते. मावशींनी इस्त्री बाजूस ठेविली. मग तह ठरला तो ऐसा की, खुर्ची नको, तिवई चालेल. आणि सामना जिंकिला तर संघ, जाळ्या, खांब, रूळ यांसहवर्तमान माघारा येईल. मालक का कू करू लागले, तो मावशी एकदम कडाडल्या, "होय की नाही ते बोला, मला शर्ट आहेत!" तो जुना आवाज ऐकोन काकांस इतका हर्ष जाहला की त्यांनी मालकांसच मिठी मारिली.

मग बसगाड्या भरोन फौज निघाली. न्हावी, वर्तमानपत्रवाला, गिऱ्हाइके, ते अर्ध्या दाढीवाले गृहस्थसुद्धा, आता पुरी दाढी राखोन. नव्या मैदानी दाखल होताच मावशींनी तोफ डागिली आणि शिडीने मान वळविली, आणि त्याच्या तोंडावर ऐसे हसू फुटले की लाह्या खाणारे लोक खाण्याचे थांबले. पूर्वार्धात चेंडूमागोन चेंडू आले. मावशींनी एकीकडे धाडावे, शिडीने दुसरीकडे झेपावे, आणि चेंडू हातात. तो आमच्या संघाने एक गोलही केला. मध्यंतर जाहले तेव्हां मावशी तिवई उचलोन दुसऱ्या टोकास निघाल्या. पहारेकऱ्याने अडविले की तिकिटावर हीच जागा आहे. मावशींनी त्याचा गणवेश आपादमस्तक पाहिला आणि म्हणाल्या, "ही पॅंट कुणी इस्त्री केली? दोन दोन घड्या पडल्यात. लाज नाही वाटत?" पहारेकरी शरमोन खाली पाहू लागला, तो स्वारी पार निघोन गेली, आणि काका व सारी फौज मागोमाग.

परंतु त्याच समयी घात जाहला. न्हाव्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही. चहाच्या टपरीवर शेजारी एक अनोळखी इसम उभा होता, त्यास न्हाव्याने हुरूप येऊन सर्व गुपित सांगितले, वर चहाही पाजिला. तो इसम गनिमाचा पाणी देणारा निघाला. त्याने धावत जाऊन आपल्या संघास कळविले की म्हातारी डावीकडे म्हणाली तर गोलरक्षक उजवीकडे पडणार, सबब म्हातारी म्हणेल तिकडेच चेंडू मारावा. न्हाव्यास हे कळले तेव्हां उशीर जाहला होता. तो गर्दीत अडकोन हातवारे करीत राहिला, आणि लोकांस वाटले की नाचतो आहे.

उत्तरार्धात आमच्या संघाने गनिमास गोलाकडे फिरकोच दिले नाही. सामना संपावयास आला, आमचा संघ एका गोलाने पुढे, आणि ऐन वेळी पंचांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. बरोबरी जाहली तर सर्व गेले. गनिमाचा सरदार चेंडू ठेवोन उभा राहिला आणि चेंडूकडे न पाहता मावशींकडेच पाहू लागला. शिडीनेही कान मागे लाविले. मावशी उठोन उभ्या राहिल्या, छाती भरोन श्वास घेतला, इतक्यात काकांचा धीर सुटला आणि ते मोठ्याने बोलोन गेले, "अगं, लवकर ओरड! तू डावीकडे म्हणालीस की तो उजवीकडे जातो!"

मावशींनी वळोन पाहिले. "म्हणजे?" काकांनी जीभ चावली. मागे सारी फौज बसली होती, तीतील एकाने छपराकडे पाहिले, एकाने बुटाची नाडी सोडोन पुन्हा बांधिली. तेव्हां मावशींस सर्व उमगले. इतकी वर्षे आपण गळा फाडला तो उलटा ऐकिला गेला, आणि हे सर्वांस ठाऊक होते. त्यांस अतिशय वाईट वाटले. मग त्यांच्या मनी गोंधळ उडाला तो सांगता सोय नाही. डावीकडे वाटते आहे, तर चेंडू उजवीकडे येणार; मग डावीकडे म्हणावे, तर तो उजवीकडे जाईल, ते ठीक; परंतु आता आपणांस कळले आहे, तर आपले चुकणेही चुकेल काय? मग उजवीकडे म्हणावे काय? पंचांनी शिट्टी वाजविली. मावशींचे डोके गरगरले आणि त्या होत्या नव्हत्या त्या सर्व रागाने किंचाळल्या, "खड्ड्यात गेलं डावं-उजवं! उभा राहा जागेवर!"

गनिमाचा सरदार धावत आला होता तो ऐकोन बावचळला. त्याच्याकडे डावे होते, उजवे होते, तिसरे काही नव्हते. त्याचा पाय सुटला आणि चेंडू नाकासमोर सरळ आला. शिडीस तर 'उभा राहा' याचे उलट काय ते सुचेना. तो खांबासारखा उभा राहिला, आणि चेंडू त्याच्या पोटावर आदळला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला आणि तेथेच बसला. मग जो जयघोष उठला त्यात छपराचे पत्रे थरथरले. लाह्या उडाल्या. सभ्य प्रेक्षक खुर्च्यांवर चढोन नाचले, आणि दाढीवाल्या गृहस्थांनी न्हाव्यास खांद्यावर घेतले, तो पाय झाडीत असताही.

शिडी उठोन जाळीपाशी आला. मावशी तोंड फिरवोन बसल्या होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं माझं एकदाही ऐकलं नाहीस ना रे?" तो म्हणाला, "मावशी, शब्द न् शब्द ऐकला. ऐकल्याशिवाय उलटं कसं जाणार?" यावर मावशींनी जाळीतून हात घालोन त्याच्या पाठीवर जो धपाटा घातला तो पुढे आठ दिवस दुखत होता, ऐसे तो अभिमानाने सांगतो.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. मालकांनी तह पाळिला. तोच ट्रकचालक तेच सामान घेऊन गाणी म्हणत माघारा आला. संघ आपल्या मैदानी दाखल जाहला. मावशी गोलामागे आहेत, त्यांचे सांगणे पूर्ववत चुकते आहे, आणि आता त्यांस ते ठाऊक आहे, तरी त्या ओरडतातच. काकांपुढे चहाचा कप आदळला जातो, आणि काका तो सुखाने पितात. हे वर्तमान खरे, म्हणोन लिहोन ठेविले.