मेतकूट वाढल्याची हकीकत

“संपलं म्हणू नये गं, बाई. वाढलं म्हणावं.” ऐसा आवाज एके काळी या राज्यात उठला, तो अद्यापि भिंतींच्या कानी आहे. त्या समयी धाकट्या बाईसाहेब कुंदाताई अगदी लहान, हाती पालथी वाटी, आणि “आई, साखर संपली” म्हणोन रडत उभ्या; आणि त्यांच्या मातोश्री मथुराबाईसाहेब, राज्याच्या धनीण, यांनी ओल्या हाताने लेकीचे तोंड झाकिले आणि हे शब्द बोलिले. तेव्हापासोन या दौलतीत काही म्हणोन संपले नाही. तांदूळ वाढले, तेल वाढले, गूळ वाढला, आणि डबा रिकामा वाजला.

निळ्या ज्योतीस नमन, माठातल्या पाण्यास नमन, मिठाच्या बरणीस त्रिवार नमन करोन हकीकत लिहिली जाते ऐशी की, शके एकोणीसशे आठ, क्षय नाम संवत्सर. राज्य लहान. पूर्वेस मोरी, पश्चिमेस खिडकी, उत्तरेस फळ्यांची तटबंदी, तीवर डबे आणि बरण्या चौकीस उभ्या, आणि दक्षिणेस उंबरा. उंबऱ्यापलीकडे बैठकीची खोली; तेथे रावसाहेब भालचंद्रपंत, ज्यांस लेक नाना म्हणे, वीज मंडळाची चाकरी पुरी करोन आरामखुर्चीवर विराजमान. लग्न जाहल्यापासोन नानांनी उंबरा ओलांडिला नाही. ताट बाहेर आले, जेविले, हात धुतले, उठले. चांगले झाले, वाईट झाले, एक शब्द नाही. भात दुसऱ्यांदा मागितला म्हणजे मथुराबाईसाहेबांनी फत्ते समजावी आणि पदराने कपाळ पुसावे. म्हणोन आतली भाषा बाहेर ठाऊक नव्हती आणि बाहेरचे मन आत ठाऊक नव्हते, आणि दोहोंमधून फक्त ताट जात येत होते.

बाईसाहेबांचा कारभार मोठा. उन्हाची फौज गच्चीवर उतरली की कुरडया, सांडगे, पापड यांची छावणी पडावी, आणि सर्वांच्या शेवटी मेतकूट करावे. ते काम गिरणीवर सोपवीत नसत. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, मूठभर गहू मंद आचेवर खमंग भाजावे, मग मेथी, जिरे, हळद, सुंठ, हिंग यांनी आपापल्या जागी येऊन मिळावे, आणि मग लहान जात्यावर बसोन बाईसाहेबांनी हलक्या गळ्याने म्हणावे,

बाई माझ्या बरणीला, कधी न दिसो गं तळ,
मागे राहो माझ्या घरी, माझ्या हाताचा दरवळ.

आणि पिवळे पीठ जात्याभोवती चांदण्यासारखे पडत जावे. कुंदाताईंनी प्रमाण विचारिले तर म्हणाव्या, “प्रमाण कसलं? हाताला कळतं.” “तुझ्या हाताला कळतं गं, माझ्या हाताला कसं कळणार?” “कळेल. घाई काय आहे? मी कुठं चाललेय?” ऐसे बोलिल्या, आणि तेच वर्षी ज्येष्ठात, मेतकुटाच्या बरणीस फडक्याचा दादरा बांधता बांधता, भर दुपारी, भिंतीस टेकोन बसल्या आणि उठल्या नाहीत. गाठ अर्धीच बसली होती.

मग लोक आले, आणि लोक गेले. शेजारच्या दौलतीच्या लीलामावशी डोळ्यांस पदर लावोन म्हणाल्या, “गेली हो बिचारी, हातात काम असताना गेली,” तेव्हा नाना उठोन गॅलरीत जाऊन उभे राहिले. तो शब्द त्यांच्या तोंडून त्या दिवशी निघाला नाही, दिवसकार्य झाले तेव्हा निघाला नाही, पुढेही निघाला नाही. बोलणे निघालेच तर म्हणत, “ही काय करायची, की...” आणि तेथेच थांबत. आणि त्यांचे अन्न तुटले. कुंदाताई शिवणाच्या वर्गावर शिकवोन घरी येत आणि पदर खोचून उभ्या राहात. कुळथाचे पिठले केले, ताट जैसे गेले तैसे परत आले. आमसुलाचे सार केले, ते वाटीतच निवले. मुगाची खिचडी केली, नाना म्हणाले, “ठेव, खाईन मग,” आणि तो मग आला नाही. शेवटी एके दिवशी मऊ भात, वर तूप, आणि कडेस पिवळे मेतकूट ऐसे वाढिले. नानांनी वास घेतला. “हिचं आहे?” “हो, नाना. आईचंच.” मग नाना सावकाश जेविले आणि ताटातले शीत शीत वेचिले, आणि आत कुंदाताई ओट्यास धरोन उभ्या राहोन रडल्या.

आषाढ, श्रावण ऐसे गेले. रोज एक चमचा, आणि रोज बरणी एक चमचा खाली. ज्या माउलीस अग्नी दिला ती फळीवर बरणीत होती आणि तिला आपणच चमच्याने उणी करितो, हे कुंदाताईंस दिसत होते. न वाढावे तर बाप उपाशी, वाढावे तर माय सरते. चमच्याच्या ठिकाणी अर्धा चमचा केला. भाद्रपदात चमचा तळास लागला आणि खण्ण वाजला. त्या दिवशी कुंदाताईंनी स्वतः डाळी भाजिल्या, पूड केली, लीलामावशींस चाखविली. मावशी म्हणाल्या, “कुंदे, मेथी किती घातलीस गं? हे मेतकूट नव्हे, हा काढा झाला.” “मग नानांना सांगू?” “सांग की. पोटाला लागलं पाहिजे, कुणाच्या का हातचं असेना.”

आता येथे जी चूक घडली ती ध्यानी धरावी, कारण राज्य बुडाले ते या चुकीपायी. कुंदाताईंनी ताटात भात घातला, आपल्या हातची पूड कडेस ठेविली, आणि सांगावयाचे म्हणोन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. जो शब्द लहानपणी तोंडावर हात ठेवोन शिकविला तोच तोंडी आला. म्हणाल्या, “नाना, आईचं मेतकूट वाढलं.” आत या बोलण्याचा अर्थ एकच. परंतु नाना बाहेरचे, त्यांनी ताटाकडे पाहिले, पिवळी पूड पाहिली, आणि वाढले म्हणजे पानात वाढले ऐसे समजोन म्हणाले, “हो, दिसलं. तूप घाल.” आणि कालवोन घास घेतला, आणि त्या दिवशी, ज्येष्ठापासोन प्रथमच, भात दुसऱ्यांदा मागितला. कुंदाताईंचे ओठ उघडे होते ते मिटले. मायने ज्यास फत्ते समजावी ते निशाण समोर फडकत होते. ते कोणत्या हाताने खाली ओढावे? मनात म्हणाल्या, आज नको, उद्या सांगू. आणि मग उद्याची सवय लागली.

आश्विनात पूड कडवट झाली, कार्तिकात सुंठ चढली, मार्गशीर्षात हिंग कमी पडला. हातास काही कळेना. आणि नाना घास तोंडात धरोन बसू लागले, डोळे मिटोन, जैसे कोणी दूरचा आवाज ऐकतो. लीलामावशी खिडकीतून म्हणाल्या, “काय हो भालचंद्रपंत, जेवताय की जप करताय?” तेव्हा नाना म्हणाले, “मावशी, माझी जीभ फितूर झाली. मेतकूट तेच, बरणी तीच, आणि चव लागत नाही. ज्या हातचं जन्मभर खाल्लं तो हात ओळखत नाही म्हणजे काय?” मावशींनी कुंदाताईंकडे पाहिले आणि आत येऊन दबक्या आवाजात दटाविले, “सांगून टाक, मुली. म्हातारा स्वतःला खातोय.” “कसं सांगू, मावशी? तेवढं एक आहे म्हणून पानावर बसतात. ते नाही म्हटलं तर उद्या कशासाठी बसतील?” मावशी पदर सावरोन आपल्या दौलतीस परतल्या.

मग नानांनी जिभेवर पहारा बसविला. दुसरी चव नको, तिने जीभ आणखी बिघडते, ऐसा हुकूम झाला. पौषात बाजार भरला होता. कुंदाताईंनी पावटे, गाजर, ओला हरभरा, काटेरी वांगी आणोन तिळाचे कूट लावोन भोगीची भाजी केली, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेविला, आणि तो गोळा भाकरीवर वितळोन पुन्हा थिजला. माघात सोलाण्यांची आमटी केली, हिरवी, लसणाच्या फोडणीची. नानांनी वाटी बोटाने मागे सारिली. फाल्गुनात झाडावरची पहिली कैरी आणोन मेथांबा शिजविला, त्याचा आंबटगोड वास जिन्यापर्यंत गेला आणि नानांपर्यंत गेला नाही. ऋतू ऋतूची फौज दारी आली आणि मोड होऊन परत गेली. नाना फक्त पिवळा भात घेत, तोही आता चार घास, मग दोन. सदऱ्यात अंग राहीना. आणि जी पूड कुंदाताईंनी बाप जगावा म्हणोन कुटली तीच बापास आतून पोखरीत होती, हे त्यांस रोज दिसे आणि रोज त्याच ती वाढीत.

फाल्गुन सरत आला, संवत्सर सरत आले. एके दुपारी ताट पुढे असता नानांनी घास उचलिला आणि परत ठेविला. म्हणाले, “कुंदे, नको आता. बस झालं.” “दोन घास, नाना. आईचं...” “तेच तर. ती आहे तिथं, बरणीत. आणि मला लागत नाही. मी कधी बरं झालंय म्हटलं नाही गं तिला. वाटायचं, तोंडाला कळतंय ना, मग बोलायचं कशाला? आता तोंडालाच कळत नाही. चेहरा आठवतो, आवाज आठवतो, पण तोंडातून पुसली गेली. इतका हलकट निघालो मी.” आणि नानांनी भातावर हात पालथा ठेविला.

तेव्हा कुंदाताई आत गेल्या, फळीवरची मायची रिकामी बरणी काढिली, आणि नानांच्या पानासमोर येऊन खाली बसल्या. तोंडावर अजून मायचा तो ओला हात होता. तो त्यांनी बाजूस केला.

“संपलं, नाना.”

“काय?”

“आईचं मेतकूट. भाद्रपदातच संपलं.”

“तू तर वाढलं म्हणालीस. मी ऐकलं ना.”

“आम्ही आत संपलं म्हणत नाही, नाना. वाढलं म्हणतो. तुम्हांला वाटलं पानात वाढलं. तुम्ही भात मागितलात, मग मला बोलवेना.”

“मग हे इतके दिवस?”

“माझ्या हातचं. मला जमत नाही. तुमची जीभ फितूर नाही, नाना. ती पहिल्यापासून खरं सांगत होती.”

नानांनी बरणी ओढोन घेतली, आत वाकोन वास घेतला, आणि काही वेळ तेथेच नाक ठेवोन राहिले. मग लग्नापासोन प्रथमच उठोन उंबरा ओलांडिला, आत आले, फळ्यांकडे पाहिले, एकेक डबा हलवोन पाहिला, जात्यावर हात फिरविला, ज्या भिंतीस बाईसाहेब टेकल्या होत्या ती भिंत विचारिली, कुंदाताईंनी बोटाने दाखविली.

सारांश, या राज्यात एका शब्दाचा मान राखिला गेला आणि त्यापायी राजा अर्धे वर्ष उपाशी राहिला. राजकन्या खोटे बोलिली नाही आणि खरेही बोलिली नाही. क्षय संवत्सर उलटले, बाहेर भात थंड झाला, बरणीस तळ दिसला. आणि नाना त्या भिंतीस टेकोन खाली बसले, रिकामी बरणी मांडीवर घेतली, आणि जो शब्द ज्येष्ठापासोन दातांआड धरिला होता तो सोडोन म्हणाले, “गेली गं ती, कुंदे. गेली.”