ट्रेलरची डावी बाजू

भैय्यालालनं त्या सकाळी ट्रेलरखाली फक्त एक नजर टाकायची ठरवलं होतं. एवढंच. चाकांचा आस धरून ठेवणारे यू-बोल्ट कसलेले आहेत का पाहू, ग्रीस लावू अन् आंघोळीला जाऊ. (या माणसाचं कोणतंही काम आजवर 'एवढंच' राहिलेलं नाही, हे कारखान्याच्या अख्ख्या जवाहरनगर कॉलनीला ठाऊक आहे. एकदा नळाचा वॉशर बदलायला बसला, तर शेजारच्यांचं पाणी बंद झालं.)

ट्रेलर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. जीपच्या मागं जोडून न्यायची चाकावरची खोली. आत दोन बाजूंना दोन दिवाण, एक छोटा ओटा, एक खिडकी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. नागपूरच्या एका माणसाची हौस फिटली अन् ती भैय्यालालला चिकटली. कारखान्यातून रिटायर झाल्यावर लोक घरावर मजला चढवतात. यानं चाकं लावलेलं घर आणून अंगणात उभं केलं. त्याला कोणी 'ट्रॉली' म्हटलं की याची कानशिलं तापायची. ट्रॉलीत धान भरतात, ट्रेलरमध्ये माणसं राहतात, असं तो प्रत्येकाला समजावून सांगायचा, आणि समजावताना ओरडायचा.

नोकरी सारी तपासणी विभागात गेलेली. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, रिजेक्टचा शिक्का मारायचा, अन् संध्याकाळी समाधानानं घरी यायचं. असा माणूस कायमचा घरी बसला की घरच्यांचं काय होतं, ते कुंताबाईला विचारा. भैय्यालालनं मात्र विचारून उपयोग नव्हता, कारण नवराबायकोचा अबोला चालू होता.

कारण तांदूळ. कुंताबाईचा भाऊ जागेश्वर याचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. आता तो पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो अन् धरणाच्या पाण्यात मासे धरतो. वावर बुडालं तेव्हापासून कुंताबाई दर साली त्याच्याकडे घरचा तांदूळ धाडते. (घरचा म्हणजे भैय्यालालच्या एकोडी गावच्या वावरातला. हे 'भैय्यालालच्या' त्यानं फार जोर देऊन म्हटलं, तिथूनच सुरुवात झाली.) यंदा जेवता जेवता तो बोलून गेला, "त्याले सरकारनं देल्लं न सारं. आता आपण काहून द्याचं?" कुंताबाईनं हातातला घास ताटात ठेवला, उठून हात धुतले, अन् तेव्हापासून नवऱ्याशी एक शब्द नाही.

बोलणं बंद केलं, तांदूळ बंद केला नाही. भैय्यालाल बँकेत गेला असताना तिनं ट्रेलरच्या डाव्या दिवाणाच्या पेटीत पोती भरून घेतली, वर गादी टाकली, दाराला कुलूप लावलं अन् किल्ली कमरेला खोचली. तिचा विचार सरळ होता. पहिली सहल गोसीखुर्दलाच न्यायची, असं नवऱ्यानं साऱ्या कॉलनीत जाहीर केलेलं. ट्रेलर जाईल, त्याच्यासोबत तांदूळ जाईल, जागेश्वर धरणावर येऊन उतरवून घेईल. ती स्वतः काही त्या डब्यासोबत जाणार नव्हती.

अन् भैय्यालालचं खरं दुखणं तेच होतं. ट्रेलर त्यानं घेतला होता बायकोसाठी. सारं आयुष्य शिफ्ट अन् ओव्हरटाइममध्ये गेलं, तिला कुठं म्हणून नेलं नाही, हे त्याला रिटायर झाल्यावर एकदम टोचायला लागलं. ही गोष्ट त्यानं शेजारच्या टेकचंदला सांगितली, बँकेतल्या बाईला सांगितली, टायरवाल्यालासुद्धा सांगितली. कुंताबाईला सांगायची तेवढी राहिली. आता उद्या निघायचं, अन् बायको येणार की नाही हे विचारायला तोंड नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन तो ट्रेलरखाली शिरला. चाकांना विटा लावल्या, टायरची हवा पाहिली, मग टेपनं जमिनीपासून बॉडीपर्यंत मोजलं. उजवीकडे ठीक. डावीकडे चार बोटं कमी. पुन्हा मोजलं. टेपच खराब असेल म्हणून कुंताबाईची शिलाईची टेप आणून मोजलं. (चोरून. अबोल्यात वस्तू मागता येत नाही.) डावी बाजू बसलीच होती. चाकावर कमानीचे जे लोखंडी पाटे असतात, एकावर एक, धक्के सोसायला, ते डावीकडे पार सपाट झाले होते.

भैय्यालालच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पहिला राग नागपूरच्या माणसावर, त्यानं फोन उचलला नाही. दुसरा राग रस्ते बांधणाऱ्यावर, तो समोर नव्हता. तिसरा टेकचंदवर, कारण तो कुंपणापलीकडून आपुलकीनं म्हणाला की ट्रॉली जरा कलल्यासारखी वाटते. नेमकी तेव्हाच कारखान्याची बस फाटकासमोर थांबली अन् खिडक्यांतल्या साऱ्या माना एका बाजूला झुकल्या. यांच्याच कामात त्यानं जन्मभर खोट काढली होती. आता ते फुकटात त्याची तपासणी करून राहिले होते.

त्यानं हायवेवरच्या इश्वर मिस्त्रीला बोलावून घेतलं. इश्वरचा जन्म धानाच्या ट्रॉल्यांखाली गेला आणि त्याला औषध एकच ठाऊक, पाटा वाढवणे. ट्रॉली कलली, पाटा वाढवा. ट्रॉली वाजते, पाटा वाढवा. त्याच्या पोराला ताप आला तरी तो आधी पाटाच सुचवेल. त्यानं जॅक लावला, डावीकडे एक जाड पाटा चढवला, जॅक उतरवला. तरी डावी बाजू जराशी खालीच. आत काही सामान आहे का, असं इश्वरनं सहज विचारलं, तर भैय्यालाल त्याच्या अंगावर धावून गेला.

"घर माहं, ट्रेलर माहा. आत काय हाये ते मले माहीत नसन तर कोणाले असन?"

कुंताबाई ओसरीवर बसून डाळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. एक शब्द बोलली असती तर एक पाटा वाचला असता. पण मग अबोला तिनं मोडल्यासारखं झालं असतं, अन् तो आधी कोणी मोडायचा हा मुद्दा पाट्यापेक्षा मोठा होता. ती डाळीतले खडे जरा जोरानं फेकू लागली, एवढंच.

इश्वरनं दुसरा पाटा चढवला अन् ट्रेलर सरळ झाला. असा सरळ, की वर पाण्याची बाटली आडवी ठेवली तरी घरंगळली नाही. इश्वर गेला. भैय्यालाल कमरेवर हात ठेवून ट्रेलरभोवती फिरला, टेकचंदला हाक मारून दाखवला. आता राहिली आतली तपासणी. त्यासाठी किल्ली पाहिजे, अन् किल्ली कुंताबाईच्या कमरेला.

अशा वेळी त्या घरात नागपूरला फोन लागायचा. रक्षा, त्यांची मुलगी, तिथं नोकरीला. भैय्यालाल अंगणातून म्हणाला, "तुह्या आईले म्हण, किल्ली दे." रक्षानं आईला दुसऱ्या फोनवर घेतलं. ओसरीवरून उत्तर नागपूरला गेलं अन् नागपूरहून अंगणात आलं, की किल्ली कायले पाहिजे. आतून तपासायचं आहे. गरज नाही. ट्रेलर कोणाचा हाये विचार तिले. कोणाचा का असेना, कुलूप माहं हाये. बापाचा आवाज चढत गेला, आईचा तर फोनशिवायही ऐकू येत होता, अन् मधल्या मधे रक्षाच्या ऑफिसातले लोक तिच्याकडे पाहायला लागले.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं डाव्या दिवाणात मामाचा तांदूळ ठेवला आहे. आता फोन ठेवू का मी?"

कुंताबाईनं किल्ली काढून अंगणात भिरकावली.

पुढचं सारं कॉलनीनं पाहिलं. भैय्यालाल पोती ओढून ओढून बाहेर टाकत होता अन् दर पोत्यागणिक कोणावर तरी तोंड टाकत होता. एक पोतं बायकोच्या नावानं, एक साळ्याच्या, एक इश्वरच्या, एक धरणाच्या. (शेवटचं पोतं आलं तेव्हा नावं संपली होती, ते टेकचंदच्या वाट्याला गेलं. टेकचंदनं वाईट वाटून घेतलं नाही.) अन् जसजसं ओझं कमी होत गेलं, तसतशी ती दोन पाटे चढवलेली डावी बाजू वर वर उठत गेली. पेटी रिकामी झाली तेव्हा ट्रेलर उजवीकडे असा कलला की ओट्यावरचं पातेलं घसरत दारातून बाहेर आलं. कारखान्याची बस परत येत होती. या खेपेला माना दुसऱ्या बाजूला झुकल्या.

भैय्यालाल एका पोत्यावर मटकन बसला. अंगाला ग्रीस, डोक्यात तांदळाचा कोंडा, अन् रागवायला माणूस उरलेलं नाही. घसा बसला होता, म्हणून आवाज लहान निघाला.

"तुह्यासाठी आणली होती ही ट्रॉली," तो म्हणाला. (हो, ट्रॉलीच म्हणाला.) "म्हटलं, जनमभर कुठं नेलं नाही हिले. आता नेऊ. तर तू बोलूनच नाही राहिली."

कुंताबाई ओसरीवरून उठून आली अन् त्याच्यासमोर उभी राहिली. ती खूपच चिडलेली होती, अन् डोळ्यांत पाणीही होतं.

"साऱ्या कॉलनीले सांगितलं तुम्ही. त्या टायरवाल्यालेही सांगितलं. मले कवा इचारलं, येतं का म्हून?"

"येतं का?"

"पहिले तांदूळ भरा. तो माह्या भावाचा हाये."

त्यानं भरला. सगळी पोती, एकट्यानं, कोणावर तोंड न टाकता. ट्रेलर पुन्हा सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी कुंताबाई नवी साडी नेसून जीपमध्ये पुढं बसली. भैय्यालालला इतका आनंद झाला की तो लपवायला त्यानं साऱ्या वाटेनं राग केला. खड्ड्यांवर केला, ट्रकवाल्यांवर केला, रस्त्यात बसलेल्या म्हशींवर केला, आरशात पाहून ट्रेलर डोलतो म्हणून ट्रेलरवर केला. कुंताबाई खिडकीबाहेर पाहत राहिली अन् मधून मधून हसत राहिली. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा तिनं गाडी थांबवायला सांगितली, अन् इथं आमचं आंब्याचं झाड होतं, असं पाण्याकडे बोट करून दाखवलं. भैय्यालाल त्या पाण्यावर काही रागावला नाही. तांदळाबद्दल आपण बोललो ते चुकलं, असं तो हळूच म्हणाला, अन् तिनं ते ऐकून घेतलं.

वस्तीत जागेश्वरनं पोती उतरवून घेतली, ताजे मासे कापायला घेतले. आता इथून पुढं कुठं जायचं, याचा नकाशा भैय्यालालनं मोठ्या हौसेनं उघडला. नागझिरा, मग चिखलदरा, मग जमलं तर समुद्र.

"तुम्ही व्हा पुढं," कुंताबाई म्हणाली. "मी राहते इथं आठ दिवस. माहं फिरून झालं."

भैय्यालालचं डोकं फिरलं. पण साळ्याच्या दारात, साळ्याचे मासे शिजत असताना ओरडायचं कसं? तो टेप घेऊन कललेल्या ट्रेलरखाली शिरला अन् उगाच पाटे तपासत पडून राहिला. वर, दाराशी, कुंताबाई रक्षाशी फोनवर बोलत होती. प्रवास कसा झाला, असं रक्षानं विचारलं असावं.

"मस्त झाला, पोरी," कुंताबाई म्हणाली. "गाडी चांगली हाये. डायव्हर तेवढा तापट हाये."