साठ फुटांचं माप

मोजणीवाल्याला बोलवायचं नाही, एवढंच मास्तरांनी ठरवलं. बाकीचं सगळं त्यातून झालं.

जागा शहरातल्या टेकडीवरची. रस्ता वरच्या अंगाला, आणि तिथून जमीन घसरगुंडीसारखी खाली. सून आर्किटेक्ट. ती म्हणाली, "बाबा, उतार फार आहे. माप माहीतगार माणसाकडून घेऊ."

"मग मी कोण आहे?"

मास्तर चाळीस वर्षं शिंपी. त्यांनी शिवलेला एकही कोट परत आला नव्हता. (एक आला होता, पण मधल्या काळात तो माणूसच सुटला, असं ते सांगत.)

घर नव्या पद्धतीचं होणार होतं. रस्त्याच्या पातळीला एक लांब मजला, त्याच्या पोटाखाली उतारावर आणखी दोन. वरच्या मजल्याच्या टोकाला म्हाताऱ्या दोघांची खोली. खरं तर त्या खोलीसाठीच घर बांधायचं होतं. मास्तरांच्या बायकोचे गुडघे गेले होते. सध्याच्या तिसऱ्या मजल्यावरून ती सहा महिन्यांत खाली उतरली नव्हती. तिला दार उघडून सरळ रस्त्यावर पाय ठेवता यावा, ही मास्तरांची एकच इच्छा. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. "जिने नकोत, धूळ साठते," एवढंच म्हणाले.

एका सकाळी ते फीत घेऊन टेकडीवर गेले. फीत अंगाला चिकटली पाहिजे, झोळ राहता कामा नये, हा त्यांचा शिरस्ता. टेकडीचंही माप त्यांनी तसंच घेतलं. प्रत्येक खड्ड्यात फीत दाबली, प्रत्येक उंचवट्यावरून फिरवली. भरलं साठ फूट. सुनेने साठ फुटांचं घर काढलं.

आखणीच्या दिवशी कंत्राटदाराने वर खुंटी ठोकली, खालच्या हद्दीवर उंच बांबू उभा केला आणि दोन्हींमध्ये दोरी अगदी आडवी ताणली.

"पन्नास," तो म्हणाला.

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजलं, काका. पन्नासच."

"बाबा, तुम्ही फीत कशी धरली होती?" सुनेने विचारलं.

मास्तरांनी वाकून करून दाखवलं. कंत्राटदाराला एकाएकी खोकला आला.

"माप बरोबर आहे, बाबा," सून हळूच म्हणाली. "टेकडीला कोट शिवायचा असता तर."

मास्तर त्या दोरीकडे बघत राहिले. खाली जमीन कुठल्या कुठे गेली होती आणि दोरी आपली सरळ. माणसाचं माप अंगावरून घ्यावं, घराचं हवेतून. हे कळायला सत्तर वर्षं लागली.

घरी सुनेने सासूच्या पलंगावर नकाशा पसरला. टोकाची अठरा फुटांची खोली आठ फुटांवर आली होती.

"एकच पलंग मावेल," सून म्हणाली. "की दोघांची खोली खालच्या मजल्यावर नेऊ? बावीस पायऱ्या होतील."

"नाही. वरची खोली हिची. चूक माझी आहे." (हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. सुनेच्या हातातली पेन्सिल पडली.) "मी खाली झोपेन."

मग मास्तर थांबले. पंचेचाळीस वर्षांचा संसार. बायको निदान 'नको हो' तरी म्हणेल.

बायकोने चष्मा लावला. "मला सरळ रस्त्यावर जाता येईल?"

"हो, आई. एकही पायरी नाही."

"आणि खालचं घोरणं वर ऐकू येतं का गं?"

"मध्ये काँक्रीटचा स्लॅब आहे. नाही येणार."

"मग आठ फूटच राहू दे," ती म्हणाली. "आणि कुठून जास्तीची जागा निघालीच, तर स्वयंपाकघराला दे."