आण्णांची अठरा मिनिटं

निःपक्षपाती माणूस हा समाजाचा कणा असतो, असं मी अनेक सत्कार समारंभांत ऐकलं आहे. आमच्या शिवाजी पेठेत असा एक कणा आहे. त्याच्याशी कुणी बोलत नाही.

सर्जेराव आण्णा तीस वर्षं फुटबॉलचे पंच होते. एका अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याच पेठेविरुद्ध पेनल्टी दिली. तेव्हापासून लग्नपत्रिका वाटणारे त्यांचं दार सोडून पुढं जातात. आण्णांचं त्यावर म्हणणं एवढंच, "हात लागला हुता." शिट्टी अजून गळ्यात असते. मी शेजारी राहतो. आमच्या कुकरची शिट्टी झाली की ते खिडकीत येऊन घड्याळ बघतात.

मागं पेठेतल्या इंजिनियर पोरांनी विद्यार्थ्यांसाठी मोफत हॅकेथॉन ठेवली. तालमीच्या हॉलात दहा ते पाच बसायचं आणि कॉम्प्युटरवर उपयोगाचं काहीतरी करून दाखवायचं. निकालावरून पेठापेठांत जुंपू नये म्हणून वेळ बघायला आण्णांना बोलावलं. मला परीक्षक केलं, निवृत्त प्राध्यापक म्हणून. विषय मराठी होता, हे कुणी विचारलं नाही.

उद्घाटनाच्या भाषणाला दहा मिनिटं ठरली होती. प्रमुख पाहुणे "आजचा तरुण" इथवर आले आणि शिट्टी वाजली. आजचा तरुण कसा आहे, ते राहूनच गेलं.

कोडोलीची शुभांगी एकटीच आली होती. म्हशींच्या लसीची तारीख कळवणारं ॲप करत होती. वडील शेवटच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर ठेवून. डिप्लोमानंतर तिला पुण्याला डिग्रीला जायचं होतं आणि वडील म्हणाले होते, "आज काय केलंस ते समद्यांम्होरं दाखव, मग बगू." पण पाचच्या आत काम जमा केलेल्यांनाच स्टेजवर बोलावणार होते.

तीनला लाईट गेली. बाकीच्यांचे लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिले. शुभांगीची बॅटरी कधीच मेलेली. ती वही काढून लिहीत बसली. लाईट आली तेव्हा आण्णांनी खिशातल्या कागदावर काहीतरी टिपलं.

पाचला शिट्टी. सगळ्यांनी हात वर घेतले. आण्णा शुभांगीजवळ गेले.

"तू थांबू नगंस. तुजा खेळ अठरा मिन्टं बंद हुता."

"आण्णा, लाईट आमचीबी गेलती की," आमच्याच पेठेतला एक पोरगा ओरडला.

"तुमचा खेळ थांबला न्हवता. मी बगत हुतो."

संयोजक रोहित हळूच म्हणाला, "नियमात हाय का हे?"

"फुटबॉलच्या हाय."

हॉलात गलका उठला. आण्णा तिच्या खुर्चीमागं, गर्दीकडं तोंड करून उभे राहिले. तिचं काम सोळाव्या मिनिटाला जमा झालं. उरलेली दोन मिनिटं दोघं घड्याळ बघत थांबले, मग शिट्टी वाजली.

स्टेजवर ती नीट बोलली. नंबर शेवटचा आला. मार्क मीच दिले होते, आणि ॲप खरंच अर्धं होतं.

वडील आण्णांपाशी आले. "पावणं, पोरगीला ह्यातलं काय जमतंय का?"

"मला त्यातलं काय कळत न्हाय," आण्णा म्हणाले. "पर लाईट गेली तवा ती रडली न्हाय. वही काढली."

वडिलांनी टोपी घातली. "मग जाऊ दे की पुण्याला." निघता निघता म्हणाले, "रविवारी जेवायला या कोडोलीला. एकपातूर या."

आण्णांनी डायरी काढली. सामन्यांच्या तारखा लिहायची ती जुनी सवय. कितीतरी कोरी पानं उलटून त्यांनी रविवार शोधला, आणि 'कोडोली, जेवण, १.००' असं लिहून खाली रेघ मारली.

रविवारी ते सकाळी आठलाच जाऊन पोचले.