अण्णांची सरळ रेषा

अण्णांच्या माउथवॉशच्या बाटलीवर स्पष्ट छापलं होतं: एका वेळी वीस मिलिलिटर. त्या सकाळी अण्णांनी त्यासाठी चहाचा कप वापरला. सूनबाई रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या नजरेतून हे सुटलं नाही. पण सासऱ्यांना गुळण्यांचं माप कोण शिकवणार!

"पोलिसांसमोर जायचंय, तोंडाला वास नको!" अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं गाडी चालवतोय, रेकॉर्ड कसं धुतल्या तांदळासारखं!"

नातीच्या बालवाडीची व्हॅन चालवायचं काम अण्णांनी हौसेने मागून घेतलं होतं. शाळेला फक्त चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता. सूनबाईंना हवं होतं अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते तीन वर्षं पुढे ढकललं जात होतं. कधी उन्हाळा, कधी सर्दी, कधी पाहुणे!

दाखल्याचा अर्ज द्यायला दोघं निघाले, गाडी अर्थातच अण्णांच्या हाती, आणि पहिल्याच चौकात गाडीने दुभाजकाचा मुका घेतला. हवालदाराने यंत्राची नळी पुढे केली. अण्णांनी फुंकलं. यंत्र असं किंचाळलं, जणू अण्णा दारूच्या पिंपात पोहूनच आले होते!

"काका, किती घेतली?"

"एक कप. काठोकाठ!"

"सकाळी सकाळी कपाने?"

"साहेब, ते माउथवॉश आहे हो," सूनबाई घाईने म्हणाल्या. "त्यात अल्कोहोल असतं. पंधरा मिनिटांनी परत फुंकू द्या, उडून जाईल."

"मुळीच नाही!" अण्णा कडाडले. "रक्त तपासा! हक्क आहे माझा!"

"तपासू. आधी त्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालून दाखवा."

अण्णा ताठ मानेने निघाले. पट्टा राहिला बाजूला. अण्णा चालले होते विजेच्या तारेच्या सावलीवरून! अगदी सरळ, एक पाऊलही न चुकता. तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला. अण्णा जागीच थांबले.

"पुढे रंगवलाच नाहीये की हो!"

हवालदाराने दोघांना घेऊन दवाखान्याचा रस्ता धरला.

"स्पिरिट लावू नका हं, डॉक्टर!" तिथे अण्णांनी खुंटीवरच्या एप्रनला बजावलं. "उगाच रिपोर्टमध्ये दारू निघायची!"

"मी इकडे आहे, काका," टेबलामागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि या तपासणीला आम्ही स्पिरिट वापरतच नाही."

तासाभराने रिपोर्ट आला. शून्य! हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं.

"गुन्हा नाही, काका. तुमचं रेकॉर्ड कोरंच राहील. दाखला मिळेल."

"बघितलंत?" अण्णांची छाती फुगली. "सोमवारपासून अकरा पोरं माझ्या व्हॅनमध्ये!"

हवालदाराने खुंटीवरच्या एप्रनकडे पाहिलं.

"पिणाऱ्याची निदान सकाळपर्यंत उतरते, काका," हवालदार म्हणाला. "तुमचं काय करायचं?"

अण्णांनी सूनबाईंकडे पाहिलं. नेहमी त्या अशा वेळी विषय बदलायच्या. आज नाही बदलला.

"अण्णा, त्या अकरांत आपली छकुली आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

अण्णांनी हाताने बाक चाचपला आणि बसले.

"सूनबाई, ऑपरेशनची तारीख घे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांची. आणि तोवर चावी तुझ्याकडे ठेव."